सबसिडी, सबमर्सिबल, सबस्टेशन... रोजच्या बोलण्यातल्या या 'सब'चा अर्थ काय? जाणून घ्या

दिंडोरी : सबस्टेशनवरून लाइट गेली, सबमर्सिबल बंद पडली, ठिबकची सबसिडी अजून खात्यावर नाही आणि उद्या सब-रजिस्ट्रारकडे सह्या करायला जायचंय. दिंडोरी असो, वणी असो नाहीतर लखमापूर, शेतकऱ्याच्या एका दिवसात हे चारही शब्द सहज येऊन जातात. चारही इंग्रजी, चारही 'सब'ने सुरू होणारे. आपण ते इतके वापरतो की कुणी थांबून विचारत नाही, हा 'सब' आहे तरी काय? हिंदीतला 'सब' म्हणजे 'सगळे', तो हा नव्हे. या 'सब'चा अर्थ 'खाली' किंवा 'खालचा'. आणि तो थेट रोमन लोकांच्या लॅटिन भाषेतून आलेला आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. उलट इथून पुढे ती आपल्या घरात येते.

'सब' आणि 'उप' सख्खे चुलत भाऊ

सरकारी पाटीवर 'सब'चं मराठी काय लिहितात ते आठवा. सबस्टेशन म्हणजे उपकेंद्र. सब-इन्स्पेक्टर म्हणजे उपनिरीक्षक. सब-डिव्हिजन म्हणजे उपविभाग. सगळीकडे 'उप'. हे भाषांतर करणाऱ्यांनी केवळ अर्थ जुळवला, पण नकळत नातंही जुळलं. संस्कृतचा 'उप' आणि लॅटिनचा 'सब' हे एकाच जुन्या शब्दातून निघालेले आहेत. लॅटिनमध्ये त्याला पुढून 'स' चिकटला आणि शेवटच्या 'प'चा 'ब' झाला, एवढंच.

संस्कृत, लॅटिन आणि ग्रीक या भाषा एकाच मुळातून आल्या असाव्यात, हे कोलकात्यात न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये तिथल्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडलं. त्यानंतर अभ्यासकांनी शेकडो शब्दांच्या जोड्या लावल्या. त्यातल्या बऱ्याच जोड्या पुढे या लेखात येतील, कारण आपल्या रोजच्या 'सब'वाल्या शब्दांत त्या भरलेल्या आहेत.

सबसिडी : बसून राहिलेले सैनिक

सगळ्यात लाडका शब्द आधी घेऊ. सबसिडी हा लॅटिन 'सबसिडियम'वरून आला. 'सब' म्हणजे खाली आणि 'सेदेरे' म्हणजे बसणे. रोमन फौजेत तिसऱ्या रांगेतले अनुभवी सैनिक मागे, गुडघा टेकून बसून राहत. पुढच्या दोन रांगा मोडल्या की मग ते उठत. या राखीव मदतीला 'सबसिडियम' म्हणत. म्हणजे सबसिडीचा पहिला अर्थ 'अडचणीत धावून येणारी राखीव मदत'. आता गंमत बघा. 'सेदेरे' आणि संस्कृतचा 'सद्' हेही एकच. 'सद्' म्हणजे बसणे, त्यावरून सदन, परिषद. 'उप' अधिक 'नि' अधिक 'सद्' केलं की होतं उपनिषद, गुरूच्या जवळ खाली बसून घेतलेलं ज्ञान. सबसिडी आणि उपनिषद या दोन शब्दांचे सुटे भाग जवळजवळ सारखेच निघाले! आपलं 'बसणे' हे क्रियापदसुद्धा संस्कृत 'उपविश्'वरून झिजत आलं, असं शब्दकोशकार सांगतात. म्हणजे त्यातही एक 'उप' दडलेला आहे.

मधल्या काळात या शब्दाने उलटी चाल घेतली. इंग्लंडमध्ये राजाला लढाईच्या खर्चासाठी पार्लमेंट जो कर मंजूर करून देई त्याला सबसिडी म्हणत. तेव्हा पैसा रयतेकडून राजाकडे जायचा. आपल्या इतिहासातही हा शब्द आहे, फक्त शाळेच्या पुस्तकात तो मराठी नावाने येतो : तैनाती फौज. इंग्रजीत 'सबसिडियरी अलायन्स'. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला. कंपनीचं किमान ६ हजार पायदळ पेशव्याच्या मुलखात ठेवायचं आणि त्या खर्चापोटी वर्षाला २६ लाख उत्पन्नाचा मुलूख कंपनीला तोडून द्यायचा, असं ठरलं. ती सबसिडी पेशव्याने भरायची होती. १८१८ ला पेशवाईच संपली. ज्या सबसिडीने राज्य गेलं, त्याच नावाची रक्कम आज ठिबकसाठी आपल्या खात्यावर येते.

येते, पण कशी येते हे नीट समजून घ्यायला हवं, कारण इथे लोकांची फसगत होते. ठिबक सिंचनाला राज्यात केंद्र व राज्याचा हिस्सा मिळून अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्क्यांपर्यंत आणि इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान धरलं जातं. हे टक्के दुकानदाराच्या बिलावर मोजत नाहीत, सरकारने ठरवून दिलेल्या खर्चाच्या मापदंडावर मोजतात. बिल मापदंडापेक्षा जास्त असेल तर वरचा फरक आपल्या खिशातून. दुसरं, यंत्र-अवजारांच्या योजनेत पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केली तर अनुदान मिळत नाही. आधी पत्र, मग ट्रॅक्टर किंवा फवारणी यंत्र. डीलर "घेऊन टाका, मागून करून देतो" म्हणाला तरी पत्र हातात येईपर्यंत थांबलेलं बरं.

सबसिडीचा एक भाऊ बँकेत भेटतो, तो म्हणजे सबव्हेन्शन. कर्जाच्या कागदावर 'इंटरेस्ट सबव्हेन्शन' लिहिलेलं असतं. 'व्हेनिरे' म्हणजे येणे. आपल्या 'गम्', 'आगमन' यांचा तो लांबचा नातेवाईक. सबव्हेन्शन म्हणजे खालून येऊन आधार देणे, मराठीत व्याज सवलत. ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज ७ टक्क्यांनी मिळतं, मुदतीत फेडलं तर केंद्राची ३ टक्के सूट मिळून ४ टक्के पडतं. राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना उरलेलं व्याज उचलते, म्हणून आपण 'शून्य टक्के' म्हणतो. या शून्याला एकच अट आहे, मुदत. ती चुकली की आधार निघून जातो आणि व्याज डोक्यावर येतं. कर्जमाफी येणार या आशेवर मुदत घालवणाऱ्यांनी हा हिशोब एकदा कागदावर मांडून बघावा.

सबमर्सिबल : नावातच सूचना आहे

कुणी समरसिबल म्हणतं, कुणी सबमर्शिबल. 'मर्गेरे' म्हणजे बुडवणे. सबमर्सिबल म्हणजे पाण्याखाली बुडवून ठेवता येणारी. काही जण तिला पाणबुडी मोटर म्हणतात, ते अगदी शब्दाला शब्द बरोबर आहे. याच 'मर्गेरे'वरून बँकांचं मर्जर झालं (एक बँक दुसरीत बुडते!) आणि इमर्जन्सीही झाली. पाण्यात दडलेलं एकदम वर येतं ती इमर्जन्सी.

मोटर बुडवायची गरज का पडली? वर ठेवलेला मोनोब्लॉक पाणी ओढतो. ओढणारं बळ हवेच्या दाबाचं असतं आणि हिशोबाने ते १० मीटरच्या पलीकडे पाणी चढवू शकत नाही. प्रत्यक्षात ६-७ मीटरलाच दम लागतो. मोटर कितीही एचपीची लावा, हवेचा दाब वाढत नाही. सबमर्सिबल मात्र खालून ढकलते, त्यामुळे शेकडो फुटांवरून पाणी येतं. आर्मेस अरुतुनॉफ या तेव्हाच्या रशियन साम्राज्यात जन्मलेल्या इंजिनिअरने हे तंत्र आधी तेलाच्या विहिरींसाठी अमेरिकेत १९२० च्या दशकात चालवून दाखवलं. आपल्याकडे ते बोअरमध्ये उतरलं.

नावातल्या 'सब'मध्येच वापराची सूचना आहे : बुडालेली राहू द्या. या मोटरला थंड करणारं पाणी म्हणजे तिच्या अंगावरून वाहणारं बोअरचंच पाणी. एप्रिल-मेमध्ये पातळी खाली गेली, मोटर कोरडी फिरली की वाइंडिंग जळालंच म्हणून समजा. ड्राय रन बंद करणारा स्टार्टर रिवाइंडिंगच्या खर्चापेक्षा स्वस्त पडतो.

पाणबुडी जहाजाला सबमरीन म्हणतात ती याच वाटेने. 'मारे' म्हणजे समुद्र, त्यावरूनच मुंबईचा मरीन ड्राइव्ह.

सबस्टेशन नेमकं कुणाचं 'सब'?

'स्टेशन'मध्ये 'स्ता' म्हणजे उभं राहणे आहे, संस्कृतचा 'स्था'. त्यावरूनच आपलं स्थान आणि ठाणं. पोलीस स्टेशनला पोलीस ठाणं म्हणतो तेव्हा मूळ धातू तोच राहतो. सबस्टेशन हे नाव विजेच्या सुरुवातीच्या काळातलं आहे. तेव्हा एका गावाला एकच वीज केंद्र असे आणि त्याच्या हाताखाली छोटी वाटप केंद्रं. म्हणून ती 'सब'. आज एकलहऱ्याची वीज एकलहऱ्याच्याच तारेने आपल्याकडे येते असं नाही. देशभरच्या तारा एकमेकींना जोडलेल्या आहेत. गावाजवळच्या उपकेंद्रात ३३ हजार व्होल्टचे ११ हजार होतात, पुढे डीपीवर ११ हजारांचे सव्वाचारशे-साडेचारशेच्या घरात उतरतात आणि मग मोटर फिरते. फीडर म्हणजे उपकेंद्रातून निघालेली ११ हजारांची वाहिनी. तक्रार करताना 'लाइट नाही' म्हणण्यापेक्षा उपकेंद्राचं नाव आणि फीडरचं नाव सांगितलं की वायरमनला लवकर कळतं.

आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभे राहतात आणि वीज तिथूनच शेतीच्या फीडरला जाते. जागा भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये असा दर योजनेत आहे. म्हणजे जे 'खालचं' केंद्र होतं तेच निर्मितीच्या शेजारी आलं. नाव मात्र सबस्टेशनच राहिलं.

एक घोळ लक्षात ठेवा. आरोग्य खात्याचंही उपकेंद्र असतं, तेही सब-सेंटरचं भाषांतर. सपाट भागात ५ हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात ३ हजार लोकसंख्येमागे एक, असा त्याचा निकष. ग्रामसभेच्या ठरावात 'गावाला उपकेंद्र मिळावे' एवढंच लिहू नका. विजेचं की दवाखान्याचं ते लिहा.

कचेरीतले 'सब' : उप, दुय्यम आणि पोट

सब-रजिस्ट्रार मात्र 'उपनिबंधक' झाला नाही, तो 'दुय्यम निबंधक' झाला. उपनिबंधक म्हणजे सहकार खात्याचा वेगळा अधिकारी, सोसायट्या आणि बाजार समित्या बघणारा. दुय्यम हा फारसी शब्द आहे, अर्थ 'दुसरा'. फारसीचा 'दो' आणि आपला 'दोन' भाऊच. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे खरेदीखत सही झाल्यापासून ४ महिन्यांत दुय्यम निबंधकाकडे नोंदणीला द्यावं लागतं. उशीर झाला तर आणखी ४ महिन्यांची संधी असते, पण नोंदणी फीच्या १० पटीपर्यंत दंड भरून. आणि हे पक्कं ध्यानात घ्या : दस्त नोंदला म्हणजे सरकारने मालकी तपासून दिली असं होत नाही. सातबारा, फेरफार, वारस, बोजा हे बघणं घेणाऱ्याचं काम.

सब-डिव्हिजनचा घोळ त्याहून मोठा. महसूलचा उपविभाग वेगळा, तिथले उपविभागीय अधिकारी म्हणजे आपले प्रांत साहेब. जातीचा दाखला त्यांच्या सहीने निघतो. तहसीलदारांच्या महसुली आदेशावर अपील त्यांच्याकडे, ६० दिवसांत. महावितरणचाही उपविभाग असतो, बांधकाम खात्याचा असतो, पाटबंधाऱ्याचाही असतो. 'उपविभागीय कार्यालयात जा' असं कुणी सांगितलं तर कोणत्या खात्याच्या, हे आधी विचारा, नाहीतर एक खेप वाया जाते.

आणि जमिनीचं सब-डिव्हिजन? त्याला मराठीने स्वतःचा शब्द दिलाय : पोटहिस्सा. आमच्या मते 'सब'साठी मराठीतला सगळ्यात चपखल शब्द हाच. 'सब' आणि 'उप' सांगतात की हे खालचं आहे. 'पोट' सांगतो की हे आतलं आहे. गटाच्या आत हिस्सा तो पोटहिस्सा, कलमाच्या आत पोटकलम, भाडेकरूच्या आत पोटभाडेकरू. सातबाऱ्यावरचं पोटखराब म्हणजे त्याच गटातलं पण लागवडीला न येणारं किंवा रस्ता, नाला यासाठी सोडलेलं क्षेत्र. इंग्रजी कागदावर कालव्याच्या मायनरला 'सब-मायनर' फुटतो. पालखेड, वाघाड, ओझरखेडच्या लाभक्षेत्रातला माणूस सरळ चारी आणि पोटचारी म्हणतो. पाण्याची पाळी कुणाची हे भांडण पोटचारीवरच होतं, आणि वाघाडवर पाणी वापर संस्थांनी ते बसून मिटवून दाखवलं. बाजार समितीचा वणीचा आवार मात्र उपबाजारच राहिला, त्याला कुणी पोटबाजार म्हणत नाही. भाषा अशीच असते, एका नियमात बसत नाही.

वेष बदललेला 'सब'

शाळेत व्यंजन संधी शिकलो : सत् अधिक जन, सज्जन. जगत् अधिक नाथ, जगन्नाथ. मागचं अक्षर पुढच्यासारखं होतं. लॅटिनमध्येही तेच. 'सब'पुढे 'प' आला की 'सप्', 'क' आला की 'सक्', काही ठिकाणी 'सस्'. त्यामुळे 'सब'वाले पुष्कळ शब्द ओळखूच येत नाहीत.

सप्लाय घ्या. 'प्लेरे' म्हणजे भरणे, आणि तो आपल्या 'पूर्ण'चा नातेवाईक. सप्लायला मराठीत पुरवठा म्हणतो, तोही 'पूर'वरूनच. म्हणजे तहसीलच्या पुरवठा शाखेचं नाव इंग्रजी-मराठी दोन्हीकडून एकाच मुळाला जातं. सपोर्टमध्ये 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणे. ट्रान्सपोर्ट, एक्सपोर्ट हे त्याचेच. एमएसपीमधला 'एस' हा सपोर्ट, पण मराठीतला हमीभाव जास्त खणखणीत वाटतो.

सस्पेंड म्हणजे खाली टांगून ठेवणे. निलंबनातही 'लंब' म्हणजे लोंबणेच आहे. द्राक्षवाल्यांच्या कामाचा अर्थ इथे आहे. औषधाच्या बाटलीवर नावापुढे 'एससी' लिहिलेलं असतं, ते सस्पेन्शन कॉन्सन्ट्रेट. औषधाची बारीक पूड पाण्यात विरघळलेली नसते, नुसती लोंबकळत असते. बाटली महिनाभर कोपऱ्यात उभी राहिली की पूड तळाला बसते. न हलवता ओतली तर पहिल्या टाकीत पाणी आणि शेवटच्या टाकीत दुप्पट औषध. एकीकडे डाऊनी आटोक्यात येत नाही, दुसरीकडे पानं करपतात, आणि एक्सपोर्टचा माल असेल तर रेसिड्यूची भीती वेगळीच. म्हणून एससी असेल तर आधी बाटली जोरात हलवायची.

सक्सेसमध्येही 'सब' आहे. 'केदेरे' म्हणजे जाणे, सक्सीड म्हणजे मागोमाग येणे. त्यातून एक अर्थ यश झाला आणि दुसरा वारसा, म्हणजे सक्सेशन. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या इंग्रजी नावात तोच आहे, ज्यात २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला. कोर्टातून मिळणारं सक्सेशन सर्टिफिकेट बँकेतल्या ठेवी, शेअर, येणी यांच्यासाठी असतं. सातबाऱ्याची वारस नोंद तलाठ्याकडे वेगळी करावी लागते, आणि हक्क मिळाल्यापासून ३ महिन्यांत कळवणं कायद्याला अपेक्षित आहे. वडील जाऊन दहा वर्षं झाली तरी सातबारा त्यांच्याच नावावर, अशी घरं कमी नाहीत. मग अनुदानाचा अर्ज अडतो.

मोबाइलवरचे 'सब'

सबमिट : 'मित्तेरे' म्हणजे सोडणे, पाठवणे. मूळ अर्थ कुणापुढे मान तुकवणे. पुढे 'सादर करणे' झाला. 'सेव्ह' दाबलं तर अर्ज फक्त जतन होतो, 'सबमिट' केल्यावरच तो सरकारदरबारी जातो. अर्ज क्रमांक आला नाही तोवर अर्ज गेला असं धरू नका. सबस्क्राइब : खाली लिहिणे, म्हणजे कागदाच्या तळाशी सही करणे. वर्गणी द्यायला तयार असलेले लोक यादीखाली नाव लिहीत, तिथून वर्गणीदार, तिथून यूट्यूबचं बटण. सब्जेक्ट : खाली टाकलेला. आधी राजाच्या ताब्यातली प्रजा, मग चर्चेला घेतलेला विषय. कोर्टाच्या बातम्यांत येणारा 'सब ज्युडिस' म्हणजे न्यायाधीशाच्या हाताखाली असलेलं, न्यायप्रविष्ट.

'सुपर' हा 'सब'चा उलटा, वरचा. संस्कृतचा 'उपरि' त्याचा भाऊ, आणि 'उपरि' झिजून आपलं 'वर' झालं. सिंगल सुपर फॉस्फेटच्या गोणीवर तो रोज दिसतो. मात्र 'सब' दिसला की इंग्रजी समजू नका : सबब अरबी, सबुरीही अरबीतलीच, सब्जा फारसी हिरवा आणि सबळ म्हणजे शुद्ध संस्कृत, 'स' अधिक 'बल'.